ओढ साठ दिवस आधी लागत नाही, साहेब

प्रति,
मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार
मा. अध्यक्ष, रेल्वे मंडळ
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, कोकण रेल्वे महामंडळ

विषय : दादर–रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरहून सोडण्याबाबत

महोदय,

पत्र चौघांच्या नावे लिहिते आहे. रोह्याच्या पुढचे रूळ एकाचे, दादरचा फलाट दुसऱ्याचा, धोरण तिसऱ्याचं आणि सगळ्यांवर मंत्रीसाहेब. एकालाच लिहिलं तर तो दुसऱ्याचं नाव सांगणार, हे ठरलेलं. म्हणून चौघांनी एकत्र वाचावं. आणि उघड लिहिते आहे, म्हणजे लालबागपासून विरारपर्यंत ज्यांच्या घरात गावच्या घराची किल्ली खिळ्याला टांगलेली आहे, त्यांनाही वाचता येईल.

तक्रार जुनी आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर गाड्या हळूहळू रुळावर आल्या, पण दादर–रत्नागिरी पॅसेंजर दादरला आलीच नाही. ती ठाण्यापलीकडच्या दिवा स्टेशनाहून सुटू लागली आणि येताना दिव्यालाच संपू लागली. तेव्हा आम्हाला वाटलं, तात्पुरतं असेल. मग निवेदनं गेली, आंदोलनं झाली, बातम्या छापून आल्या. गाडी दिव्यालाच.

मी संगमेश्वर तालुक्यातली. आमचं स्टेशन आरवली रोड. मुंबईत कांदिवलीला राहते, एका शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते. शनिवारी अर्धा दिवस असतो. गावच्या घरात आई एकटी आहे. ती इकडे येत नाही, आणि आली तरी आठवड्याच्या आत "माजी कोंबडी कोन बघनार?" म्हणून परत जायला निघते. तेव्हा जायचं ते मीच. माझ्यासारख्यांना ही पॅसेंजर म्हणजे काय होती, ते सांगते, कारण तुमच्या कागदांवर ती बहुधा कमी उत्पन्नाची, जास्त थांब्यांची आणि मेन लाइनवर जागा अडवणारी गाडी असेल.

ती दुपारी दादरहून निघायची. आरक्षण नको, महिनाभर आधीची धावपळ नको. खिडकीवर तिकीट काढायचं, मिळेल त्या डब्यात शिरायचं आणि रात्री गावात. शनिवारी सकाळी फोनवर आईचा आवाज जरा बसलेला वाटला, की शाळेतून परस्पर दादर गाठायचं. घरी कळवायचंसुद्धा नाही, कारण कळवलं की ती जेवायची थांबते. रविवार घरात काढायचा, सोमवारची रजा टाकायची आणि परतीची पॅसेंजर पकडायची. इतकं सोपं होतं. मनात आलं तर घरी जाता येतं, एवढ्या भरवशावर माणूस मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत वर्षं काढतो. प्रत्येक शनिवारी कुणी जात नव्हतं. पण जाता येत होतं.

आता तुम्ही म्हणता, आरक्षण करा. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. चांगलं केलंत, पण साठ दिवसांनी मला आईची आठवण येणार आहे की नाही, हे आज कसं सांगू? शेजारची वहिनी पायरीवरून घसरली, वाडीत कुणी गेलं, पावसाआधी कौलं चाळायला गडी नेमका याच रविवारी मोकळा आहे, यातलं काय साठ दिवस आधी कळतं? ऐनवेळचं तात्काळ तिकीट आहे, हे ठाऊक आहे. तात्काळच्या त्या मिनिटाला खिडकीवर किंवा मोबाइलवर जी झटापट असते तीही ठाऊक आहे, आणि त्याचं जादा भाडं दर वेळी परवडणारं नाही.

घराच्या ओढीबद्दल बोललं की लोक हळवेपणा समजतात. गावाला आहे काय, असंही विचारतात. आहे ते सांगते. आमच्या घराला पुढे पडवी आहे, मागे चुलीची खोली. घरात गॅस आहे, पण आई भाकरी चुलीवरच करते. तांदळाची उकड परातीत मळताना तिचे हात मनगटापर्यंत पांढरे होतात, आणि भाकरी तव्यावर पडली की ती पाण्याचा हात वरून असा फिरवते की चुर्रर्र होऊन वाफ तिच्या कपाळापर्यंत जाते. मग ती भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी. ती टम्म फुगली की ताटात, वर कुळथाची पिठी, शेजारी भाजलेलं सुकट. मीही इथे तेच पीठ, तीच पिठी करते. गावाहून आणलेलं कुळीथच असतं. तशी होत नाही. का होत नाही, ते मी शोधत बसत नाही, मी शनिवारी गाडी पकडते. म्हणजे पकडत होते.

एक खरंही सांगून टाकते. चौथ्या दिवशी मला गावात कंटाळा येतो. मोबाइलला रेंज नसते, लाइट जाते, आईच्या त्याच त्या गजाली सुरू होतात आणि मला माझी कांदिवलीची खोली आठवू लागते. म्हणून गावाला कायमचं जाऊन राहा, हा सल्ला आम्हाला नको. आमचं दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडचं टिकवायला मधे गाडी लागते.

त्यातही घर नुसतं आठवणीवर टिकत नाही, साहेब. कोकणातलं घर बंद राहिलं की मिटायला लागतं. एका पावसाळ्यात वाशांना वाळवी लागते. माकडं कौलं सरकवतात, पाणी भिंतीत मुरतं, आणि मातीची भिंत असेल तर दुसऱ्या पावसात कोपरा बसतो. मे महिन्यात कौलं चाळायला, गणपतीला, पाऊस सरल्यावर अंगण धरायला, शिमग्याला पालखी येते तेव्हा, एवढ्या वेळा तरी दार उघडावं लागतं. तुम्ही गणपतीला गाड्या सोडता. उरलेल्या वर्षाचं काय?

आमच्या माणसांचं हे जाणं-येणं आजचं नाही. रेल्वे नव्हती तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटी होत्या. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावस्येच्या तोंडावर, रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी अमावस्येसाठी घरी निघालेली गिरणगावातली माणसं होती. पुढे १९८२ चा गिरणी संप लांबला तेव्हा खोल्यांना कुलपं लावून आमच्याकडचे लोक गावी गेले, कारण तिथे निदान पेज मिळत होती. माझे वडील त्यांतले एक. ते एसटीने गेले, रात्रभर अंग आंबवत. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूकडे सलग गाडी धावली, तेव्हा त्यांनी स्टेशनवर जाऊन रुळाला हात लावून नमस्कार केला होता. या रेल्वेसाठी झटलेले मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस ही नावं आमच्या घरात अजूनही मानाने घेतली जातात. ती बांधणाऱ्या श्रीधरन साहेबांचंही. सह्याद्रीतून एक्क्याण्णव बोगदे काढणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय; जमिनीही त्यांच्याच गेल्या. तेव्हा रेल्वेवर आमचा राग नाही. राग असता तर एवढं पत्र लिहिलं नसतं.

आता गाऱ्हाणी मांडते.

पहिलं, दिवा. ज्याने गाडी दिव्यापर्यंत कापली त्याने कांदिवलीहून किंवा बोरिवलीहून सामान घेऊन दिव्याला एकदा जाऊन बघावं. पश्चिम रेल्वेने दादर, तिथला पूल चढायचा, मध्य रेल्वेची लोकल पकडायची, भर गर्दीत दिव्याला उतरायचं, पुन्हा पूल, मग गाडी. आमचं सामान म्हणजे चाकांची बॅग नव्हे. जाताना आईला औषधं, साखर, चादरी, एखादा मिक्सर. येताना अर्धं पोतं तांदूळ, कोकमाची सोलं, आंबोशी, मे महिन्यात एक फणस तरी. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा पट्ट्यातच, वळणावर, लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जिवाला मुकली. त्याच पट्ट्यात साठी-सत्तरीच्या माणसांनी पोतं घेऊन लोकलने यावं, अशी व्यवस्था करायला कुणाचा हात कसा धजतो? कुणी म्हणेल, दिवा-डोंबिवलीकडच्या कोकणी माणसांची सोय झाली की. झालीच आहे, आणि ती काढून घ्या असं कुणी म्हणत नाही. दादरहून सुटली तरी गाडी ठाणे-दिवा करतच पनवेलला जाते. त्यांचा थांबा राहील, आमची गाडी परत येईल.

दादरला जागा नाही, वेळापत्रकात मोकळी वेळ नाही, असं कारण ऐकतो. २०२० च्या मार्चपर्यंत जागा होती, वेळ होती. त्या वेळेला आता उत्तरेकडची गाडी सुटते, असंही बोललं जातं. त्यावरून आपल्याकडे जी भाषा सुरू होते ती मला पटत नाही. गोरखपूरच्या माणसालाही आई असते, तोही आमच्याच चाळीत वर्षभर तिच्या हातच्या जेवणावाचून राहतो. त्याची गाडी काढून आमची सोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्याची सोय करताना आमची काढली असेल, तर तो हिशेब तुम्ही मांडायला हवा. दोन गरिबांना एका फलाटावरून भांडत ठेवू नका.

दुसरं, गणपती. इथे तुम्ही काहीच करत नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. २०२५ साली गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्या जाहीर झाल्या, आधीच्या वर्षांपेक्षा जास्त. पण नेहमीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी फुगते, आणि जादा गाड्या मागाहून, तुकड्या-तुकड्याने जाहीर होतात. तोवर निम्म्या लोकांनी घाबरून खासगी बसला दुप्पट-तिप्पट पैसे मोजलेले असतात. चतुर्थी कधी आहे, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. मग गाड्यांची यादी आरक्षण उघडण्याच्या आधी का निघू नये? आरक्षण उघडतं तेव्हा सुरुवातीला आधारची अट आणलीत, ती योग्य आहे. दलालांच्या हाती किती गेलं आणि घरच्या माणसाच्या हाती किती आलं, तेवढं दर वर्षी जाहीर करा.

तिसरं, थांबे. मुंबई–मडगाव वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली. देखणी गाडी आहे, पण आरवलीवरून ती शिटी वाजवत जाते. सापे वामने, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, कळंबणी, अंजनी, कामथे, कडवई, उक्षी, भोके. ही नावं वाचताना तुम्हाला अडखळल्यासारखं होईल, पण या प्रत्येक स्टेशनाच्या मागे आठ-दहा वाड्या आहेत. त्यांच्यासाठी पॅसेंजर म्हणजेच रेल्वे, बाकीच्या गाड्या नुसता धुरळा. यांतल्या बऱ्याच ठिकाणी फलाटावर पुरेसं छप्पर नाही आणि आम्ही जातो ते भर पावसात.

चौथं, पैसे. हे फार कमी प्रवाशांना माहीत असेल म्हणून मुद्दाम लिहिते. कोकण रेल्वेवर भाडं आकारताना अंतर चाळीस टक्के वाढवून धरतात. म्हणजे शंभर किलोमीटर गेलं की एकशे चाळीसचे पैसे. मार्ग बांधायला खर्च फार आला, कर्ज फेडायचं होतं, हे मान्य. पण गाडी सुरू होऊन पाव शतक उलटलं. या महामंडळाच्या स्थापनेत महाराष्ट्राचा २२ टक्के वाटा होता, आणि २०२५ साली राज्य सरकारने भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला संमतीही दिली. 'कोकण रेल्वे' हे नाव राहणार, असं सांगितलं गेलं. नाव राहो, आनंदच आहे. त्याच्याबरोबर हे चाळीस टक्केही राहणार का, ते कुणीच बोलत नाही.

पाचवं गाऱ्हाणं म्हणावं की गंमत, ते कळत नाही. २०२५ च्या गणपतीत मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली, कोलाड ते वेर्णा, एका मोटारीचे ७,८७५ रुपये. मुंबईहून कोलाडपर्यंत मोटार हाकत जायचं, म्हणजे २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या महामार्गाचा नको तो तुकडा आधी पार करायचा आणि मग मोटार गाडीवर ठेवायची. ज्याला परवडतं त्याने जावं. पण मोटारीला घरी न्यायची सोय सुचते आणि माणसाला दादरहून बसवायची सुचत नाही, याचं हसू येतं.

सावंतवाडीच्या लोकांचंही याच पत्रात लिहिते, कारण त्यांचं दुखणं आमच्यापेक्षा जुनं आहे. तिथल्या टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ साली झालं. ते पुरं झालं असतं तर दक्षिण कोकणापुरत्या वेगळ्या गाड्या सोडता आल्या असत्या, आणि केरळकडे जाणाऱ्या भरलेल्या गाड्यांत कणकवली-कुडाळच्या माणसाला दारात उभं राहून यावं लागलं नसतं. दुपदरीकरण रोहा ते वीर झालं आणि तिथेच थांबलं. एकेरी मार्गावर आमची पॅसेंजर दर दुसऱ्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबते. तेही आम्ही सोसत आलो, कुणी कुरकुर केली नाही. डब्यात कुणाच्या डब्यातलं थालीपीठ फिरतं, कुणाची गजाल रंगते, वेळ जातो. गाडी उशिरा पोचली तर चालेल. मात्र ती असायला हवी.

मागण्या अशा आहेत :

१. दादर–रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सोडावी आणि दादरलाच आणावी. दादरला खरोखर शक्य नसेल तर त्याची तांत्रिक कारणं वेळापत्रकासह लेखी जाहीर करावीत, आणि पश्चिम उपनगरांतल्या प्रवाशांना सोयीचा दुसरा पर्याय त्याच पत्रात द्यावा. "परिचालनाच्या अडचणी" एवढे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे.

२. मुंबईहून रत्नागिरी आणि सावंतवाडीकडे वर्षभर, रोज, किमान एक-एक पूर्ण अनारक्षित, सर्व स्टेशनांवर थांबणारी गाडी असावी. तिचे डबे शनिवारी आणि सणांना वाढवावेत.

३. गणपती आणि शिमग्याच्या विशेष गाड्यांची पूर्ण यादी त्या तारखांचं आरक्षण उघडण्याआधी जाहीर व्हावी, आणि त्यांतल्या काही गाड्या अनारक्षित असाव्यात.

४. विलीनीकरणाबरोबर चाळीस टक्के वाढीव अंतराची आकारणी बंद करावी. नाही करणार असाल तर ती कुठवर चालणार, ते साल सांगावं.

५. लहान स्टेशनांवर फलाटाला पुरेसं छप्पर, दिवे आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असावं. पुढच्या पावसाळी वेळापत्रकाच्या आत.

६. सावंतवाडी टर्मिनस आणि वीरच्या पुढचं दुपदरीकरण, या दोन्हींची मुदत जाहीर करावी.

यांतली पहिली मागणी बिनखर्चाची आहे. नवा रूळ नको, नवा बोगदा नको, नवी गाडीसुद्धा नको. आहे तीच गाडी दिव्यापासून थोडी पुढे आणायची आहे. म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

आणि कोकणातल्या माझ्या माणसांना एक सांगणं. हे पत्र नुसतं पुढे ढकलून गप्प बसू नका. आपापल्या स्टेशन मास्तरकडच्या तक्रारवहीत आपल्या स्टेशनाचं नाव घालून ही पहिली मागणी लिहा, तारीख टाका, पानाचा फोटो काढून ठेवा. आपण निवेदनं द्यायला पुढाऱ्यांच्या मागे जातो आणि वही कोरी राहते. मी आरवलीच्या वहीत लिहिणार आहे. अर्थात तिथवर पोचले की.

महोदय, या पत्राचं लेखी उत्तर चतुर्थीच्या साठ दिवस आधी मिळावं. तुमच्याच नियमातली मुदत धरली आहे.

कळावे,

आपली,
एक प्रवासी
आरवली, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी
सध्या मुक्काम कांदिवली, मुंबई